न्यायालयीन कामासाठी विमा कंपनीच्या नोंदी: जतन, शोध आणि सादरीकरणाची क्रमवार पद्धत

विमा कंपनीच्या कार्यालयात ग्राहक आयोगाची किंवा न्यायालयाची नोटीस आली की बहुतेक ठिकाणी ठरावीक धावपळ सुरू होते. विधी विभाग शाखेला ई-मेल पाठवतो, शाखा संगणकातून पॉलिसीची प्रत काढते, क्लेम विभाग हाताशी असलेली पाने जोडतो आणि तो गठ्ठा वकिलांकडे जातो. पुढे उलटतपासणीत ही प्रत केव्हा काढली, मूळ कागद कोठे आहे, नामंजुरीचे पत्र विमेदाराला पोचल्याचा पुरावा काय, असे प्रश्न येतात आणि साक्षीदाराजवळ उत्तर नसते. कागद कंपनीत कोठेतरी असतो, पण वेळेवर आणि पुराव्याच्या रूपात तो न्यायालयापुढे येत नाही.

न्यायालयाला कागद ज्या दिवशी तयार झाला त्या दिवशीच्या रूपात हवा असतो. तेव्हापासून तो कोणाच्या ताब्यात होता हे सांगता आले पाहिजे आणि त्यातला मजकूर समोरच्याला केव्हा कळवला हेही दाखवता आले पाहिजे. खालचे सर्व टप्पे या तीन गरजांसाठी आहेत. घोटाळा टाळण्यासाठी या लेखात विमेदाराने कंपनीकडे केलेल्या मागणीला ‘क्लेम’ आणि न्यायालयातील प्रकरणाला ‘दावा’ म्हटले आहे. कायद्याचे संदर्भ भारतातील आहेत.

## टप्पा १: दावा येण्याआधीचे जतन

### कालावधी ठरवणे

सर्व कागदांना जतनाचा एकच आकडा लावणे ही येथील नेहमीची चूक आहे. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार व्यवहाराच्या नोंदी व्यवहाराच्या तारखेपासून ५ वर्षे आणि ग्राहकाच्या ओळखीच्या नोंदी व्यावसायिक संबंध संपल्यापासून ५ वर्षे ठेवाव्या लागतात. कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. हे किमान कालावधी आहेत आणि दाव्यांचा हिशेब करून ते ठरवलेले नाहीत. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ४४ नुसार विम्याच्या रकमेसाठी दावा करण्याची मुदत ३ वर्षे आहे, परंतु क्लेम नाकारला असेल तर ती नाकारल्याच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते. हक्कदार अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर मुदत आणखी लांबते. हुकूमनाम्याच्या (दिवाणी न्यायालयाच्या अंतिम आदेशाच्या) अंमलबजावणीची मुदत तर १२ वर्षांची आहे. म्हणून कागदाच्या प्रकारानुसार लागू होणाऱ्या मुदतींपैकी सर्वांत लांबची धरावी आणि ती पॉलिसी संपल्याच्या किंवा क्लेमचा अंतिम निर्णय झाल्याच्या तारखेपासून मोजावी. कागद तयार झाल्याच्या तारखेपासून ती मोजू नये.

आयुर्विम्यात आणखी एक तारीख जपावी लागते. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसी देणे, जोखीम सुरू होणे, पुनरुज्जीवन (बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करणे) किंवा रायडर (पॉलिसीला जोडलेले जादा संरक्षण) यांपैकी जी तारीख सर्वांत उशिराची असेल तिच्यापासून ३ वर्षे उलटल्यावर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. त्यामुळे पुनरुज्जीवनाचा अर्ज आणि त्यासोबतचे आरोग्यविषयक निवेदन मूळ प्रस्ताव अर्जाइतकेच महत्त्वाचे ठरते. अनेक ठिकाणी हे दोन कागद हप्त्याच्या पावत्यांच्या फाइलमध्ये जातात आणि गरजेच्या वेळी सापडत नाहीत.

### पॉलिसी जशी दिली तशी गोठवणे

पुनर्मुद्रणाची सवय सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. पॉलिसीची प्रत मागितली की अनेक संगणक-प्रणाली साठवलेली जुनी फाइल दाखवत नाहीत. त्या आजच्या नमुन्यात आज नोंदवलेली माहिती भरून नवी प्रत तयार करतात. मधल्या काळात विमेदाराचा पत्ता बदललेला असतो, वारसाचे नामनिर्देशन बदललेले असते, अटींचा मसुदाही नव्या आवृत्तीचा आलेला असतो. अशी प्रत नुकसानीच्या दिवशी अस्तित्वातच नसलेला करार दाखवते. समोरच्या वकिलांनी विमेदाराजवळची मूळ प्रत काढून दोन्ही शेजारी ठेवल्या की कंपनीच्या सगळ्याच कागदांवर संशय येतो.

यावर उपाय पॉलिसी देतानाच करावा लागतो. अंतिम पीडीएफ फाइल बदल न करता येणाऱ्या साठ्यात ठेवावी आणि तिचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेली ठशासारखी चिन्हांची ओळ, त्याच वेळी नोंदवावे. प्रत्येक एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत नंतर केलेल्या बदलाचा कागद, स्वतंत्र फाइल म्हणून तारखेच्या क्रमाने जोडावी. जुन्या फाइलवर नवी लिहू नये. विमा नियामकाकडील प्रत्येक उत्पादनाला यूआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि त्यात आवृत्ती दर्शवलेली असते. पॉलिसीवरचा यूआयएन आणि साठवलेल्या अटींच्या मसुद्यावरचा यूआयएन आवृत्तीसह जुळला पाहिजे. अटींच्या सर्व जुन्या आवृत्त्या, त्या कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होत्या या नोंदीसह, एका ठिकाणी कायम ठेवाव्यात.

गोठवलेली फाइल उपलब्धच नसेल तर पुनर्मुद्रित प्रतीवर तसे ठळकपणे लिहावे, ती काढल्याची तारीख टाकावी आणि प्रणालीतील बदलांच्या नोंदी, म्हणजे कोणते रकाने केव्हा बदलले हे दाखवणारा अहवाल, सोबत जोडावा. पुनर्मुद्रित प्रत ‘मूळ पॉलिसीची खरी नक्कल’ म्हणून प्रमाणित करू नये.

### पोच आणि हप्ता यांचे पुरावे

पॉलिसी आणि अटी विमेदाराला दिल्याचा पुरावा हा पॉलिसीचाच भाग समजून ठेवावा. भारत वॉच कंपनी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे ठरवले की अपवादाच्या अटी विमेदाराला कळवल्याच नसतील तर कंपनीला त्यांचा आधार घेता येणार नाही. म्हणून केवळ ‘पॉलिसी पाठवली’ एवढी जावक नोंद पुरत नाही. पाकिटात किंवा ई-मेलमध्ये अटींचा मसुदा होता हे नोंदीतून दिसले पाहिजे.

हप्त्याचा धनादेश न वटण्याच्या प्रकरणांत तर पोचेवरच निकाल अवलंबून असतो. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही. तरीही युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध लक्ष्मम्मा या २०१२ च्या निकालानुसार, पॉलिसी रद्द केल्याचे अपघातापूर्वी विमेदाराला कळवलेले नसेल तर त्रयस्थ व्यक्तीला भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. बँकेचा परतीचा मेमो, पॉलिसी रद्द केल्याचे पत्र, टपालाची पावती आणि पोच हे चार कागद एकाच ठिकाणी, एकाच क्रमांकाखाली हवेत. टपाल खात्याच्या संकेतस्थळावरील पोचीची माहिती काही काळाने दिसेनाशी होते, म्हणून पत्र पोचल्याबरोबर त्या पानाची प्रत काढून जपावी.

### कागदी आणि बाहेरच्या नोंदी

कागदी नोंदींबद्दल थोडक्यात सांगायचे तर लोखंडी पिना काढून टाकाव्यात. थर्मल कागदावरच्या पावत्यांची छपाई उडते, म्हणून त्यांची छायाप्रत लगेच काढून मूळ पावतीसोबत ठेवावी. प्रत्येक खोक्यावर आणि फाइलवर बारकोड असावा, आणि फाइल कोणी, केव्हा, कशासाठी नेली व केव्हा परत केली याची ताबा-नोंद रेकॉर्ड रूमच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलसाठी व्हावी.

आरोग्य विम्यातील टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेमचे काम पाहणारी बाहेरची संस्था), सर्व्हेअर (नुकसानीचे मोजमाप करणारा), अन्वेषक, कॉल सेंटर आणि कागद साठवणारी बाहेरची कंपनी यांच्याशी झालेल्या करारात तीन बाबी स्पष्ट हव्यात: नोंदी किती काळ ठेवायच्या, मागितल्यावर किती दिवसांत द्यायच्या, आणि करार संपल्यावर त्या कोणत्या रूपात परत करायच्या. विक्रीच्या वेळच्या फोन-ध्वनिमुद्रणांबाबत ही कलमे नसल्यामुळे पुढे काहीच हाती लागत नाही, हे वारंवार घडते.

खबरदारी: स्कॅन झाले म्हणून सहीचे मूळ कागद नष्ट करू नयेत. ‘ही सही माझी नाही’ असा बचाव आला तर हस्ताक्षरतज्ज्ञाला शाई आणि दाब पाहण्यासाठी मूळ कागद लागतो. प्रस्ताव अर्ज, पुनरुज्जीवनाचा अर्ज, डिस्चार्ज व्हाउचर (क्लेमची रक्कम स्वीकारल्याची सही केलेली पावती), जबाब आणि नामनिर्देशनाचे अर्ज हे किमान कागद मूळ रूपातच ठेवावेत.

तपासणी: सुमारे पाच वर्षांपूर्वीची कोणतीही एक पॉलिसी निवडून तिचा प्रस्ताव अर्ज, दिलेली पॉलिसी, त्या वेळच्या अटी, हप्त्याची नोंद आणि पोच हा संच दोन कामकाजाच्या दिवसांत मिळतो का, हे दर तिमाहीत पाहावे. एकही कागद मिळाला नाही तर अडचण नेमकी कोणत्या खात्यात आहे ते तेव्हाच कळते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

## टप्पा २: नोटीस आल्याच्या दिवशी

१. नोटीस कंपनीच्या कोणत्याही शाखेत आली तरी तिच्यावर त्याच दिवशी तारीख आणि वेळेसह आवक शिक्का मारावा आणि पाकीट जपून ठेवावे. तक्रारीची प्रत सोबत होती की नाही, हे आवक नोंदवहीत लिहावे.

२. त्याच दिवशी मुदत मोजावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार लेखी जबाबासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोग आणखी जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतो. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या २०२० च्या घटनापीठाच्या निकालानुसार ४५ दिवसांपलीकडे आयोगाला मुदत वाढवता येत नाही, आणि ही मुदत तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून मोजायची असते. व्यापारी न्यायालयातील दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांनंतर कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल करण्याचा हक्कच संपतो. कागद शोधण्यासाठी प्रत्यक्षात किती दिवस उरतात हे वकिलांना मसुद्यासाठी किमान १० दिवस राखून मोजावे.

३. त्याच दिवशी लीगल होल्ड, म्हणजे संबंधित नोंदी नष्ट करण्यास किंवा बदलण्यास लेखी स्थगिती, जारी करावी. ‘सर्व संबंधितांना’ अशा मोघम परिपत्रकाचा उपयोग होत नाही. त्या क्लेमवर काम केलेल्या व्यक्ती नावानिशी लिहाव्यात आणि पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, काळाची कक्षा व नोंदींचे प्रकार स्पष्ट करावेत. माहिती तंत्रज्ञान विभागाला वेगळे पत्र द्यावे, कारण जुने ई-मेल आपोआप पुसणे, ध्वनिमुद्रणांवर नवे मुद्रण होणे आणि नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचा लॅपटॉप कोरा करून दुसऱ्याला देणे ही तिन्ही कामे कोणी मुद्दाम न करताही सुरूच असतात. ती थांबवल्याचे लेखी उत्तर घ्यावे.

खबरदारी: वाद होणार हे दिसू लागल्याबरोबर लीगल होल्ड लागू करावा. वकिलाची नोटीस, विमा लोकपालाकडील तक्रार किंवा नामंजुरीनंतर आलेले हरकतीचे पत्र यांपैकी काहीही आले की स्थगिती द्यावी. न्यायालयाच्या नोटिशीची वाट पाहू नये. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

## टप्पा ३: शोधाआधी मुद्दे लिहून काढणे

‘फाइल पाठवा’ या सूचनेवर फाइलच येते आणि फाइलबाहेर असलेला निर्णायक कागद तसाच राहून जातो. त्यामुळे रेकॉर्ड रूमला पत्र लिहिण्याआधी तक्रार पूर्ण वाचून कंपनीला काय सिद्ध करायचे आहे ते एका पानावर लिहावे आणि प्रत्येक मुद्द्यासमोर तो सिद्ध करणारा कागद व तो कागद सांगू शकणारा साक्षीदार नोंदवावा.

सुरुवात नामंजुरीच्या पत्रापासून करावी. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या २०१९ च्या निकालानुसार नामंजुरीच्या पत्रात न दिलेल्या कारणांवर कंपनीला नंतर बचाव उभारता येत नाही. त्यामुळे त्या पत्रातील प्रत्येक कारण म्हणजे शोधाचा एक मुद्दा धरावा. पत्रात नसलेल्या कारणासाठी कागद गोळा करण्यात वेळ घालवू नये.

मोटार अपघात प्रकरणात चालकाकडे वैध परवाना नव्हता असा बचाव असेल तर नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालानुसार पॉलिसीचा भंग आणि त्यातील वाहनमालकाची हयगय किंवा दोष सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. अशा वेळी केवळ अन्वेषकाचा अहवाल पुरेसा नाही. परिवहन कार्यालयाचा परवान्याविषयीचा प्रमाणित उतारा, परवाना हजर करण्यासाठी मालकाला व चालकाला पाठवलेल्या नोटिसा, त्यांच्या पोची आणि उतारा सिद्ध करण्यासाठी परिवहन कार्यालयाचा साक्षीदार यांची यादी पहिल्याच दिवशी झाली पाहिजे. आरोग्य विम्यात आधीचा आजार लपवल्याचा मुद्दा असेल तर प्रस्ताव अर्जातील प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत विचारला होता, उत्तर कोणी भरले आणि रुग्णालयाचे जुने कागद कंपनीला कोणाकडून मिळाले, या तिन्ही गोष्टी कागदावर दिसाव्या लागतात. आगीच्या प्रकरणात सर्व्हेअरच्या अहवालासोबत त्याचे नियुक्तिपत्र, त्याने मागितलेल्या कागदांची पत्रे, स्मरणपत्रे आणि मूळ छायाचित्रे लागतात. अहवालाची जोडपत्रे वेगळ्या खात्यात पडून राहण्याची शक्यता येथे सर्वाधिक असते.

## टप्पा ४: प्रत्यक्ष शोध

१. ओळखीचे सर्व क्रमांक एकत्र करावेत. पॉलिसी क्रमांक, मागील वर्षांचे क्रमांक, कव्हर नोट (पॉलिसी येण्याआधी दिलेला तात्पुरता विमा-कागद), क्लेम क्रमांक, वाहन क्रमांक, प्रस्ताव क्रमांक, हप्त्याच्या पावतीचा क्रमांक हे सर्व त्यात यावेत. प्रणाली बदलताना जुने क्रमांक बदललेले असतात, म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता हाताशी हवा. विमेदाराचे नाव शोधताना त्याची लिहिण्याची निरनिराळी रूपेही घ्यावीत.

२. मुख्य प्रणाली, क्लेम प्रणाली, स्कॅन साठा, ई-मेल, कागदी फाइल, शाखेची आवक-जावक, बाहेरच्या संस्था या क्रमाने शोध घ्यावा. प्रणालीतील नोंदी आधी पाहिल्या की कोणकोणते कागद अस्तित्वात असायला हवेत हे कळते आणि कागदी फाइलमध्ये काय कमी आहे ते लक्षात येते. हा क्रम उलटा केला तर समोर असलेली फाइलच पूर्ण वाटते.

३. शोधनोंद ठेवावी. कोणी, कोणत्या तारखेला, कोठे, कोणत्या क्रमांकाने शोधले आणि काय मिळाले किंवा मिळाले नाही, हे प्रत्येक ठिकाणासाठी लिहावे. न मिळाल्याची नोंदही तितकीच उपयोगी असते. मूळ कागद हरवला असेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६० खाली दुय्यम पुरावा देण्याआधी तो का हजर करता येत नाही हे दाखवावे लागते, आणि ते शपथपत्र या नोंदीवरच उभे राहते. ‘कागद सापडत नाही’ एवढे एका ओळीचे पत्र त्यासाठी पुरत नाही.

४. मूळ कागद समोरच्या पक्षाकडे असेल, जसे की विमेदाराला दिलेली पॉलिसी, तर तो हजर करण्याची नोटीस त्याच अधिनियमाच्या कलम ६४ खाली वेळेवर पाठवण्यासाठी वकिलांना लगेच कळवावे.

५. फाइलमधील कागद काढून न नेता पूर्ण फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पाठीमागच्या बाजूंसह, स्कॅन करावी. शेरे, आवक शिक्के आणि आद्याक्षरे बहुधा पाठीमागेच असतात. मूळ कागदावर खुणा, अधोरेखा किंवा नवे पानक्रमांक टाकू नयेत. ते प्रतीवर टाकावेत.

तपासणी: मिळालेले सर्व कागद तारखेच्या क्रमाने मांडून वाचावेत. एखाद्या पत्रात ‘आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात’ असे असेल आणि ते पत्र संचात नसेल, तर शोध अपुरा आहे.

## टप्पा ५: इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात आणण्याजोग्या करणे

इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात ग्राह्य होण्यासाठी प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ बी खाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. मूळ उपकरणच न्यायालयात हजर करणे शक्य नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या २०२० च्या निकालात स्पष्ट केले. नव्या अधिनियमातील नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ उपकरणाचा किंवा संबंधित कामकाजाचा ताबा असलेल्या जबाबदार व्यक्तीने भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत उपकरणाची माहिती, हॅश मूल्य आणि ते काढण्याची पद्धत लिहावी लागते आणि हॅश अहवाल जोडावा लागतो.

येथे एक सापळा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीपासून प्रलंबित असलेल्या प्रकरणांना नव्या अधिनियमाच्या कलम १७० मुळे जुनाच पुरावा कायदा लागू राहतो. त्यामुळे प्रकरण केव्हा सुरू झाले हे पाहूनच प्रमाणपत्राचा नमुना निवडावा. एकच छापील नमुना सर्व दाव्यांत वापरणारी कार्यालये नेमकी येथेच अडकतात.

कामाचा क्रम असा ठेवावा.

१. प्रथम नोंद मूळ स्वरूपात बाहेर काढावी. ई-मेल असेल तर संपूर्ण शीर्षमाहितीसह (कोणी, केव्हा, कोणत्या मार्गाने पाठवला हे सांगणाऱ्या तांत्रिक माहितीसह) फाइल म्हणून साठवावा. ‘फॉरवर्ड’ केला की नवा ई-मेल तयार होतो आणि मूळ शीर्षमाहिती निघून जाते. सर्व्हेअरची छायाचित्रे त्याच्या कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून थेट घ्यावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेल्या प्रतीत चित्र दाबले जाते आणि ते काढल्याची वेळ व ठिकाण सांगणारी अंतर्गत माहिती गळून पडते.

२. फाइल उघडण्याआधीच हॅश मूल्य काढावे. एसएचए-२५६ पद्धतीने ६४ चिन्हांचे मूल्य मिळते. फाइलमधला एक बाइट बदलला तरी हे मूल्य पूर्ण बदलते, मात्र फाइलचे नाव बदलल्याने किंवा तिची हुबेहूब प्रत केल्याने ते बदलत नाही. लेखन-सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून पुन्हा जतन केली तर मजकूर तोच राहूनही मूल्य बदलते, आणि त्याचे स्पष्टीकरण देण्याची वेळ साक्षीदारावर येते.

३. एक प्रत सीलबंद ठेवावी आणि वाचनासाठी, पानक्रमांक टाकण्यासाठी दुसरी वापरावी.

४. त्यानंतर प्रमाणपत्र तयार करावे. भाग ‘अ’ वर सही करणारी व्यक्ती त्या प्रणालीच्या किंवा कामकाजाच्या प्रत्यक्ष प्रभारी असावी. विधी अधिकाऱ्याकडे सर्व्हरचा ताबा नसतो, त्यामुळे सोयीसाठी त्याची सही घेतल्यास उलटतपासणीत ती टिकणे कठीण जाते. दोन्ही भागांवर एकाच व्यक्तीची सही घेऊ नये. टीपीएच्या प्रणालीतील नोंद असेल तर प्रमाणपत्र टीपीएकडून घ्यावे. कंपनीने त्यांच्या वतीने देऊ नये. प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे, म्हणजे जिल्हा आयोगात दिले होते म्हणून दुसऱ्या प्रकरणात ते गृहीत धरू नये.

नव्या अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद, तिच्याबद्दल वाद नसेल तर, प्राथमिक पुरावा मानण्याची तरतूद आहे. पण वाद होणारच नाही असे धरून प्रमाणपत्र टाळणे धोक्याचे आहे. या तरतुदीचा खरा लाभ ज्यांची ताबा-नोंद पहिल्या दिवसापासून पक्की आहे त्यांनाच मिळेल.

खबरदारी: स्कॅन केलेली कागदी पाने दोन्ही कसोट्यांवर तपासली जातात. मूळ कागद का नाही याचे उत्तर कलम ६० खाली द्यावे लागते आणि स्कॅन फाइलसाठी कलम ६३ चे प्रमाणपत्रही लागते.

## टप्पा ६: संच वकिलांकडे देण्यापूर्वी

कंपनीच्या विरोधात जाणारा कागद काढून टाकू नये. ताब्यातील पुरावा दडवला तर तो आपल्या विरुद्धच होता असे न्यायालय भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ खाली गृहीत धरू शकते, आणि क्लेम टिपणीची पाने सलग क्रमांकांची असतील तर गाळलेले पान लगेच दिसते. प्रतिकूल कागद वकिलांना सर्वांत आधी, वेगळ्या पत्राने दाखवावा, म्हणजे लढायचे की तडजोड करायची हा निर्णय वेळेत होतो.

वकिलांशी झालेला सल्ल्याचा पत्रव्यवहार मात्र वेगळ्या फाइलमध्येच असावा. त्याच अधिनियमाच्या कलम १३२ ते १३४ चे गोपनीयतेचे संरक्षण असलेले वकिलाचे मत क्लेम फाइलमध्ये मिसळून स्कॅन झाले आणि दाखल झाले तर ते परत घेणे अवघड असते. ज्या याद्यांमध्ये इतर विमेदारांची नावे, आजार किंवा खाते क्रमांक असतील त्यांतील अप्रस्तुत ओळी सादर करायच्या प्रतीवर झाकाव्यात आणि झाकल्याचे तेथेच लिहावे. पूर्ण प्रत सीलबंद संचात तशीच राहू द्यावी.

संचासोबत एक यादी द्यावी: अनुक्रमांक, कागदाचे वर्णन, तारीख, मूळ की प्रत, कोठून मिळाला, मूळ आता कोणाकडे आहे, आणि तो कोण सिद्ध करेल.

## टप्पा ७: दाखल करणे आणि साक्ष

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ए नुसार प्रतिवादीने आधार घेतलेले दस्तऐवज कैफियतीसोबतच दाखल करायचे असतात. नंतर दाखल करण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि ती मिळेलच असे नाही. ग्राहक आयोगात सुनावणी मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रांवर चालते, त्यामुळे लेखी जबाबासोबत गेलेला संच पुष्कळदा शेवटपर्यंत निर्णायक राहतो.

बँकांसाठी असलेल्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, १८९१ ची सवलत विमा कंपनीला लागू नाही. ‘खरी नक्कल’ असा शिक्का आणि सही एवढ्याने विमा कंपनीची नोंद सिद्ध होत नाही, ती सांगणारा साक्षीदार लागतो. कागद स्वतः तयार करणारी, ते काम पाहिलेली किंवा त्या नोंदींचा रीतसर ताबा असलेली व्यक्ती साक्षीदार म्हणून निवडावी. नवीन बदलून आलेल्या अधिकाऱ्यालाच पाठवणे भाग असेल तर त्याला मूळ फाइल, ताबा-नोंद आणि शोधनोंद किमान एक दिवस आधी वाचायला द्यावी. जे स्वतः पाहिलेले नाही ते ‘नोंदीवरून सांगतो’ असे स्पष्टपणे म्हणण्यात कमीपणा नाही, हेही त्याला सांगावे.

मूळ कागद न्यायालयात देताना त्याची रंगीत प्रत कार्यालयात ठेवावी, दाखल केल्याची पोच घ्यावी आणि कोणत्या कागदाला कोणता निशाणी क्रमांक (न्यायालयाने पुराव्याला दिलेला क्रमांक) मिळाला हे त्याच दिवशी यादीत लिहावे. रेकॉर्ड रूममधील फाइलमध्ये मूळ कागदाच्या जागी दावा क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, नाहीतर दोन वर्षांनी तोच कागद हरवल्याची नोंद होते.

## टप्पा ८: निकालानंतर

निकाल लागला म्हणून लीगल होल्ड उठवू नये. जिल्हा आयोगाच्या आदेशावर अपिलाची मुदत ४५ दिवस, राज्य आयोगाच्या आदेशावर ३० दिवस आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर ९० दिवस आहे. विलंब माफ होऊन अपील दाखल झाल्याचीही उदाहरणे असतात. भरपाई देऊन वाहनमालकाकडून वसुली करण्याचा आदेश असेल तर वसुली पूर्ण होईपर्यंत फाइल चालूच समजावी. पुनर्विमा कंपनीकडून (विमा कंपनीच्या जोखमीचा वाटा उचलणाऱ्या कंपनीकडून) रक्कम यायची असेल तर तिचा हिशेब मिटेपर्यंतही तसेच करावे.

अपिलाची शक्यता संपल्याची वकिलांची लेखी खात्री मिळाल्यावर न्यायालयातील मूळ कागद परत मिळण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३ नियम ९ खाली अर्ज करावा, मिळालेले कागद यादीशी पडताळून जागी ठेवावेत आणि चिठ्ठी काढावी. त्यानंतरच स्थगिती उठवल्याचे पत्र, ज्यांना ती दिली होती त्या प्रत्येकाला, माहिती तंत्रज्ञान विभाग आणि बाहेरच्या संस्थांसह, पाठवावे. तोपर्यंत थांबलेला जतनाचा नेहमीचा कालावधी त्या पत्राच्या तारखेपासून पुन्हा सुरू होतो, हे पत्रातच नमूद करावे.